पोत्याखालची पाठ थर्मल कॅमेऱ्यातून: नवख्यांसाठी मार्गदर्शन

भुसार बाजारात ट्रक रिकामा होतो, शेवटचं पोतं थप्पीला लागतं, आणि कॅमेरा घेऊन आलेला विद्यार्थी लगेच हमालाच्या उघड्या पाठीचं थर्मल चित्र काढतो. पडद्यावर पाठ निळी दिसते, म्हणजे गार. तासभर ५० किलोची पोती वाहिलेल्या माणसाची पाठ कामाआधीपेक्षा गार कशी? कॅमेरा बिघडला असेल असं वाटतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘या माणसावर ताण पडलेलाच नाही’ असा निष्कर्ष वहीत लिहिला जातो. कॅमेरा ठीक असतो. घाम सुकताना त्वचेची उष्णता घेऊन जातो. शिवाय जड काम सुरू झालं की शरीर त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळून रक्त स्नायूंकडे वळवतं. आत स्नायू तापलेला आणि वर कातडी गार, अशी ती अवस्था असते.

थर्मल कॅमेरा कातडी पाहतो, स्नायू पाहत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं. कारखान्यातले सुरक्षा अधिकारी, फिजिओथेरपीचे विद्यार्थी, माथाडी कामगारांच्या दवाखान्यात काम करणारे आणि हमाल संघटनांचे कार्यकर्ते यांना समोर ठेवून मी हे लिहितो आहे. उदाहरणंही भुसार बाजारातलीच घेतो, कारण पोतं उचलणं, पाठीवर घेणं, फळीवरून ट्रकमध्ये चढणं आणि थप्पी लावणं हे सगळं तिथे एकाच दिवसात पाहायला मिळतं.

आधी थोडं कॅमेऱ्याबद्दल

माणसाच्या अंगातून सतत अवरक्त किरण बाहेर पडत असतात. साधारण ८ ते १४ मायक्रोमीटर लांबीच्या लहरी कॅमेऱ्याचा सेन्सर टिपतो आणि त्यावरून पृष्ठभागाचं तापमान काढतो. त्वचेची उत्सर्जकता, म्हणजे असे किरण बाहेर टाकण्याची क्षमता, सुमारे ०.९८ असते (१ म्हणजे जास्तीत जास्त). रंग सावळा असो की गोरा, या लहरींत फरक पडत नाही, त्यामुळे कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये हा आकडा एकदा भरला की काम झालं.

त्वचेचं तापमान मात्र बऱ्याच गोष्टी मिळून ठरवतात: खालून येणारी स्नायूची उष्णता, त्वचेतलं रक्त, चरबीचा थर, घाम, वारा, भोवतालच्या भिंती. चरबी उष्णता अडवते, म्हणून जाड माणसाची पाठ सडपातळ माणसापेक्षा गार दिसू शकते. यातून पहिला नियम निघतो: एका हमालाची दुसऱ्याशी तुलना करायची नाही. तुलना त्याची त्याच्याशीच. कामाआधी आणि कामानंतर, उजवी बाजू आणि डावी बाजू, आज संध्याकाळ आणि उद्या सकाळ.

पायरी १: परवानगी, आणि ती खरी असावी

कॅमेरा काढण्याआधी टोळीशी बसून बोला. काय करणार आहात, चित्रं कोण पाहणार, ती कुठे ठेवणार हे मराठीत वाचून दाखवा आणि समजलं का ते विचारा. सही-अंगठा त्यानंतर. मुकादमाने ‘घ्या हो, सगळे तयार आहेत’ म्हटलं म्हणजे परवानगी मिळाली असं समजू नका. प्रत्येकाला एकटं गाठून विचारा आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारू नका.

चित्रात चेहरा येऊ देऊ नका. फाइलला नाव न देता क्रमांक द्या. नाव आणि क्रमांक यांची जोडी असलेली वही वेगळी, कुलपात. हमालाची भीती खरी असते: पाठ ‘लाल’ दिसली तर उद्यापासून काम मिळेल ना? म्हणून व्यक्तिगत चित्र व्यापारी, मालक किंवा मुकादम यांच्या हाती जाणार नाही असं लेखी द्या. ते पाळता येणार नसेल तर हे काम हाती घेऊ नका. धान्य निवडणाऱ्या, चाळणाऱ्या बायकांची चित्रं घ्यायची असतील तर बंद खोली हवी आणि कॅमेरा बाईच्याच हाती हवा.

पायरी २: आधी काम पाहा, मोजा

पहिला दिवस कॅमेऱ्याविना घालवा. पोतं जमिनीवरून उचललं जातं की कमरेइतक्या थप्पीवरून? एकटा उचलतो की दोघे मिळून पाठीवर देतात? कोणत्या खांद्यावर येतं? पोतं ओढायचा लोखंडी आकडा (हूक) कोणत्या हातात असतो? कंबर कोणत्या बाजूला पिळली जाते? तासाला किती फेऱ्या होतात? हे टिपलेलं नसेल तर नंतर उजव्या कमरेवर दिसलेल्या उबेचा अर्थ लागणार नाही.

ओझं उचलण्याचा धोका कागदावर मोजण्यासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचं समीकरण वापरतात. अगदी आदर्श स्थितीत, म्हणजे ओझं अंगाला लागून, कमरेच्या उंचीवर, कंबर न पिळता आणि अधूनमधूनच उचलायचं असेल तर ते २३ किलोची मर्यादा धरतं. स्थिती बिघडेल तसे गुणक लावून हा आकडा कमी होत जातो. समजा, पोत्याची पकड जमिनीपासून १५ सेंमीवर आहे, ते अंगापासून ४० सेंमी लांब धरावं लागतं आणि १४० सेंमी उंचीच्या थप्पीवर ठेवायचं आहे. पकड वाईट, मिनिटाला एक पोतं, आणि हे काम तासाभराच्या आत संपतं. आडव्या अंतराचा गुणक ०.६२५, उंचीचा ०.८२, उचलण्याच्या पल्ल्याचा ०.८५६, वारंवारतेचा ०.९४, पकडीचा ०.९०. गुणाकार केला की मर्यादा साडेआठ किलोच्या आसपास येते. पोतं ५० किलोचं आहे, म्हणजे जवळपास सहापट. यात कंबर पिळणं अजून धरलेलंच नाही. पाठीवरून वाहणं आणि दोघांनी मिळून उचलणं या समीकरणात बसत नाही, ते वेगळं नोंदवावं लागतं.

५० किलो जड आहे हे सिद्ध करायला थर्मल कॅमेरा लागत नाही, हे लक्षात असू द्या. पूर्वी १०० किलोची पोती वाहिली जात. पोतं ५० किलोचं व्हावं म्हणून हमाल संघटनांनी वर्षानुवर्षं आग्रह धरला, आणि त्यांना कुणाच्या यंत्राची गरज पडली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली होती, तीही आजच्या समजुतीप्रमाणे फार वरची आहे. ताण अंगावर नेमका कुठे साचतो आणि रात्रभराच्या विश्रांतीत तो उतरतो का, हे पाहायला कॅमेऱ्याची मदत होते.

पायरी ३: कॅमेरा निवडणं

मोबाइलला जोडायचे स्वस्त थर्मल कॅमेरे मिळतात. शिकण्यासाठी ते चालतील, पण नोंदी ठेवायच्या असतील तर किमान १६०×१२० पिक्सेलचा, शक्यतो ३२०×२४० चा घ्या. ५० अंश रुंद नजरेचा कॅमेरा दीड मीटरवर ठेवला तर सुमारे १.४ मीटर रुंदी दिसते. ३२० पिक्सेलमध्ये एका पिक्सेलला साधारण साडेचार मिलिमीटर त्वचा येते, १६० मध्ये जवळपास नऊ. पाठीला नऊ चालतील, मनगटाला नाही.

आता एक आकडा समजून घ्या, कारण विक्रेते याबाबत गोंधळ करतात. ‘संवेदनशीलता ०.०५ अंश’ असं पत्रकावर लिहिलेलं असतं. म्हणजे एकाच चित्रातल्या शेजारच्या दोन जागांमधला इतका बारीक फरक कॅमेरा ओळखतो. पण त्याच पत्रकात अचूकता बहुधा ±२ अंश असते. म्हणजे सोमवारी ३२.५ आणि गुरुवारी ३३.५ आलं तर तो एक अंश माणसाचा की कॅमेऱ्याचा, हे सांगता येत नाही. उजव्या-डाव्या बाजूंतला फरक एकाच चित्रातून निघत असल्यामुळे तो त्या मानाने भरवशाचा.

दिवसादिवसांची तुलना करायची असेल तर खुणेचं भांडं ठेवा. स्टीलच्या डब्यावर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा, कारण नुसतं स्टील आरशासारखं वागतं. आत ३२-३४ अंशांचं कोमट पाणी भरा, डिजिटल थर्मामीटर बुडवून ठेवा आणि डबा माणसाच्या शेजारी, त्याच चित्रात येईल असा मांडा. टेपवर कॅमेरा किती दाखवतो आणि थर्मामीटर किती, हे दर वेळी लिहा. दोन दिवसांत कॅमेऱ्याचं वाचन स्वतःच सरकलं असेल तर इथे कळतं. कॅमेरा चालू करून १०-१५ मिनिटं नुसता ठेवायचा, मगच चित्रं घ्यायची. चित्र मात्र प्रत्येक पिक्सेलचं तापमान साठवणाऱ्या स्वरूपात जतन करा. नुसता रंगीत फोटो नंतर मोजता येत नाही.

पायरी ४: जागा

बहुतेक नवख्यांचं काम इथेच फसतं. एप्रिलमध्ये पत्र्याखाली हवा ३८ अंशांवर जाते, तेव्हा कातडी आणि हवा यांत फरकच उरत नाही, आणि तापलेला पत्रा वरून पाठीवर उष्णता ओततो. अशा जागी घेतलेल्या चित्रांतून काहीही हाती लागत नाही.

बाजाराजवळची एक खोली मागून घ्या. संघटनेचं कार्यालय किंवा दवाखान्याची खोली चालेल. तापमान २२ ते २४ अंशांवर स्थिर ठेवा. एसी असेल तर त्याचा झोत माणसावर नको, पंखा बंद, खिडकीला पडदा, ऊन आत नको. माणसामागे स्टीलचं कपाट किंवा काच नको. या लहरी काचेतून आरपार जात नाहीत, तिच्यावरून परावर्तित होतात, आणि तुमच्याच अंगाची ऊब चित्रात उमटते. मागे जाड सुती चादर टांगली की पुरे. खोलीचं तापमान आणि आर्द्रता दर चित्राला लिहा.

जमिनीवर पावलांच्या खुणा आखा. कॅमेरा तिपाईवर, पाठीच्या मध्याच्या उंचीला, सरळ समोर. तिरकं चित्र घेतलं की लांबची बाजू उगाच गार दिसते.

पायरी ५: अंगाची तयारी

माणसाने शर्ट-बनियन काढून १०-१५ मिनिटं खोलीत शांत उभं राहावं किंवा स्टुलावर बसावं. पाठ कशालाही टेकायची नाही, खाजवायची नाही.

क्रीडावैद्यकातल्या तज्ज्ञांनी २०१७ साली अशा चित्रणासाठी १५ मुद्द्यांची यादी मान्य केली. चहा, तंबाखू, मद्य, मलम, आधीचा व्यायाम या सगळ्यांची नोंद ठेवा, असं ती सांगते. बाजारात पहाटे कामाला येणारा माणूस चहा आणि तंबाखूशिवाय येतो का? तुम्ही ‘बंद’ म्हणाल आणि तो ‘हो’ म्हणेल, आणि तुमची नोंद खोटी होईल. माझा सल्ला असा: शक्य तर दोन तास टाळायला सांगा, आणि घेतलं असेल तर केव्हा घेतलं ते मोकळेपणाने सांगायला सांगा. बिडी-मशेरीने हातापायांच्या बोटांतलं रक्त आवळलं जातं, तेव्हा त्या दिवशी बोटांच्या तापमानाला फार महत्त्व देऊ नका.

बाम, तेल आणि शेक यांबद्दल आवर्जून विचारा. कमरेला बाम चोळून आलेला माणूस नेहमी भेटतो. तेलाच्या थराने कॅमेऱ्याचं वाचन बदलतं आणि चोळल्याने त्वचा तापते. ताप असेल तर चित्रण पुढे ढकला. मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, पाठीवरचे भाजल्याचे व्रण वहीत लिहून ठेवा.

पायरी ६: चित्रं केव्हा

चार वेळा घ्या: कामाआधी, काम संपताच, २० मिनिटं विश्रांतीनंतर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे काम सुरू होण्याआधी.

काम संपताच घेतलेल्या चित्राचा उपयोग थोडा आहे. घाम किती आणि कुठे एवढंच ते दाखवतं. २० मिनिटांच्या चित्राआधी घाम मऊ कापडाने टिपून घ्या, पुसू नका. घासलं की त्वचा तापते.

सर्वांत बोलकं चित्र दुसऱ्या सकाळचं. रात्रीत घाम गेला, धावपळीची ऊब उतरली, तरीही उजव्या कमरेवर तीच उबदार पट्टी दिसत असेल तर तिच्याकडे लक्ष द्यायला हवं. सवय नसलेल्या कष्टानंतर स्नायू दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, हे आपण सगळे अनुभवाने जाणतो. नवीन हमालाच्या बाबतीत म्हणूनच तिसऱ्या सकाळचंही चित्र घ्या.

पाठीवर पोतं वाहणाऱ्यांत एक खास अडचण येते. पोतं जिथे टेकतं तिथली कातडी घासली जाते, दाबली जाते, आणि तागाच्या गोणीखाली उष्णता कोंडते. कामानंतर खांद्यामागे दिसणारा उबदार चौकोन पुष्कळदा पोत्याचा ठसा असतो, स्नायूचा ताण नव्हे. कमरपट्टा बांधणाऱ्यांच्या कमरेवर तशीच पट्टी उमटते. पोतं कुठे टेकतं ते पायरी २ मध्ये टिपलेलं असेल तर हा ठसा ओळखता येतो.

पायरी ७: मोजणं

रंगांवर विसंबू नका. कॅमेरा आपोआप रंगपट्टी ताणतो, त्यामुळे प्रत्येक चित्रात काहीतरी लाल दिसतंच. सर्व चित्रांसाठी एकच पट्टा ठरवा, उदाहरणार्थ २६ ते ३६ अंश, आणि तो बदलू नका. मी राखाडी छटा वापरतो. लाल रंग पाहिला की बघणाऱ्याला दुखणंच दिसू लागतं.

पाठीवर ठरावीक चौकटी आखा: मानेच्या तळापासून खांद्यापर्यंत, खवाट्यांच्या मधला भाग, कण्याच्या दोन्ही बाजूंची कंबर. चौकटी दर वेळी त्याच जागी याव्यात म्हणून हाडांच्या खुणा धरा. मान वाकवली की वर येणारा मणका, खवाट्याचं खालचं टोक, कमरेच्या हाडाची वरची कड. तिथे चमकदार फॉइलचे छोटे तुकडे चिकटवले की चित्रात ते ठिपक्यांसारखे वेगळे दिसतात. प्रत्येक चौकटीची सरासरी लिहा, सर्वांत तप्त बिंदू नको. तो एखादी पुळीही असू शकतो.

पायरी ८: वाचणं

निरोगी माणसात उजव्या-डाव्या जोडीच्या जागांतला फरक सहसा अर्ध्या अंशाच्या आत असतो. हा आकडा चौकशी सुरू करण्यापुरता वापरा, निदान करायला नाही.

समजा, क्रमांक ७ च्या कमरेच्या चौकटी कामाआधी उजवीकडे ३२.४ आणि डावीकडे ३२.२ होत्या. २० मिनिटांच्या विश्रांतीनंतर ३३.६ आणि ३२.७. दुसऱ्या सकाळी ३३.१ आणि ३२.४. दोन्ही बाजू कामानंतर तापल्या, ते स्वाभाविक. फरक मात्र ०.२ वरून ०.९ झाला आणि रात्रभरात ०.७ पर्यंतच उतरला. आता वही उघडा. हा माणूस ट्रकच्या कडेला उभा राहून दर पोत्याला उजवीकडे कंबर पिळत होता का? उजव्या हातात आकडा होता का? मग त्याला विचारा.

विचारण्याची पद्धतही ठरलेली ठेवा. स्वीडनच्या गुन्नार बोर्ग यांची ० ते १० ची मोजपट्टी सोपी आहे: ० म्हणजे काहीच श्रम नाहीत, १० म्हणजे टोकाचे. वयस्क हमालांना मात्र आण्यांत विचारलं तर उत्तर पटकन येतं: ‘आज कंबर बारा आणे गेलीय.’ चालेल. एका माणसासाठी एकच माप कायम ठेवा. पाठीचं एक चित्र कागदावर छापून दुखरी जागा त्याच्याच हाताने रंगवून घ्या. माणसाने रंगवलेली जागा, तुम्ही पाहिलेली हालचाल आणि कॅमेऱ्यातली ऊब, या तिन्ही जुळल्या तरच पुढे काही म्हणा. चित्र शांत आणि माणूस दुखतंय म्हणतो, अशा वेळी माणसाचं खरं धरा.

गार जागेला ‘सुरक्षित’ समजू नका. एक पाय दुसऱ्यापेक्षा बराच गार असेल तर रक्तपुरवठ्याची किंवा नसेची तक्रारही असू शकते. पायात मुंग्या, बधिरपणा, पाऊल उचलताना अशक्तपणा जाणवत असेल तर चित्र काढत बसू नका, डॉक्टरकडे पाठवा. लघवी अडणे किंवा नकळत होणे, जांघेत बधिरपणा, असं काही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात.

पायरी ९: निकालाचं काय करायचं

पहिलं, चित्र ज्याचं आहे त्याला दाखवा. एकट्याला, साध्या शब्दांत, ‘इथे ऊब जास्त राहिली’ एवढंच. ‘तुझा मणका गेला’ असं कधीही म्हणू नका, ते चित्रातून कळत नाही.

दुसरं, टोळीचा एकत्रित निष्कर्ष बिननावाचा करून मांडा. बाराजणांपैकी नऊजणांना एकाच बाजूला ऊब राहत असेल तर दोष कामाच्या मांडणीत शोधायचा. ट्रक आणि थप्पी यांची जागा अशी की सगळ्यांना एकाच बाजूला पिळावं लागतं. महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी, हमाल आणि इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा आहे, त्याखाली मंडळं आहेत. आपली मागणी तिथे घेऊन जाताना चित्रांचा गठ्ठा नेण्यापेक्षा दोन पानं न्या: कामाचं मोजमाप, हमालांची उत्तरं आणि सरासरी फरकांचा तक्ता. मागणीही नेमकी असावी. खालच्या पोत्यांसाठी गुडघ्याइतकी उंच फळ्यांची मांडणी, थप्पीची उंची खांद्याखाली, फेऱ्यांमध्ये विश्रांती, जमिनीवरून उचलताना दोन माणसं, लांब अंतराला हातगाडी.

बदल झाल्यावर दोन आठवडे जाऊ द्या. मग तीच माणसं, तीच खोली, तोच खुणेचा डबा, आणि आठवड्याचा तोच वार, कारण आवक वाराप्रमाणे बदलते. पहाटेचं चित्र पुन्हा घ्या आणि क्रमांक ७ ची उजवी-डावी बाजू पहिल्या तक्त्याशेजारी लिहा.